काळी की भुरी?

"आली! परत आली! बघ, आता शिरते आत!"

धास्ती गच्चीच्या कठड्यावरून इतकी पुढे वाकली, की मोजपट्टीनं मागून तिच्या फ्रॉकचा पट्टा घट्ट धरला. समोर, अरुंद गल्लीच्या पलीकडे, टपाल कचेरीची उंच दगडी भिंत होती. विळ्यासारख्या लांब पंखांची एक पाकोळी सूंकन भिंतीकडे झेपावली, दगडांमधल्या एका भोकाशी पोचली, क्षणभर भिंतीला चिकटली आणि सुटून पुन्हा हवेत गेली.

"नाही शिरली," धास्ती म्हणाली. "मघापासून असंच चाललंय. येते, आपटते, परत जाते. तिचं काहीतरी अडलंय."

"तुझं रोजच काहीतरी अडलेलं असतं!" भोंगा म्हणाला. "सकाळी दूध नासेल म्हणून अडलं होतं. मग गच्चीचं दार आपोआप बंद होईल म्हणून अडलं. आता पाकोळी!"

भोंगा हा धास्तीचा धाकटा भाऊ. तो कुजबुजला तरी शेजारच्या घरात ऐकू जायचं, म्हणून भोंगा. बाहेर पडताना कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघणाऱ्या त्याच्या बहिणीला घरच्यांनी धास्तीशिवाय दुसरं काय नाव ठेवायचं? आणि मोजपट्टी म्हणजे त्यांच्या मावशीचा मुलगा. तिघांत मोठा, उंच आणि काटकुळा. स्वतः मोजून बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्याचा बाणा.

उन्हाळ्याच्या सुट्टीचे शेवटचे आठवडे होते. दरवर्षी ही मुलं मामाकडे यायचा हट्ट करायची. या वर्षी आईनं आणि मावशीनं त्यांना मुद्दाम पाठवलं होतं. हिवाळ्यात मामी गेली होती. "मामाला जरा बोलतं करा," आईनं निघताना सांगितलं होतं. सांगायला काय जातं! मामा मुळातच कमी बोलणारा. आता तर तो चुना, दगड आणि दगडांमधल्या दरजा यांखेरीज बोलतच नव्हता. सकाळी उठायचं, टोपी घालायची आणि समोरच्या बांबूच्या परांचीवर चढायचं. टपाल कचेरीच्या त्या जुन्या भिंतीच्या दुरुस्तीचा तो मुख्य मिस्त्री होता.

"भोकात काय आहे ते पांढरं?" मोजपट्टीनं डोळे बारीक केले. "प्रत्येक भोकात आहे."

"कागद आहे," धास्ती म्हणाली. तिनं मोजपट्टीचा हात ओढला. "मोज्या, कुणीतरी सगळी भोकं कागदानं बंद केलीत!"

*

"कुणीतरी काय? मीच केलीत," मामा जेवताना म्हणाला. त्यानं उकडलेलं अंडं प्रत्येकाच्या ताटात ठेवलं. "दरज भरायच्या आधी भोकात कागदाचा बोळा ठेवायचा. आत पाखरू असेल, तर ते बोळा ओढून टाकतं. तीन दिवस बोळा जागचा हलला नाही, तर भोक रिकामं. मग चुना भरायचा. माझ्या उस्तादानं शिकवलंय. आजवर एक पाखरू माझ्या हातून कोंडलं गेलं नाही."

गेल्या कित्येक दिवसांतलं हे मामाचं सगळ्यात लांब भाषण होतं. भोंग्यानं मोजपट्टीला कोपरानं ढोसलं. पण धास्तीनं अंड्याला हातही लावला नाही.

"पण मामा, एक पाकोळी सारखी येतेय. आत जायचं बघतेय."

"पाकोळ्या गेल्या गं. पक्षीबाई सांगून नाही का गेल्या? तुमच्यासमोरच."

ते खरं होतं. मुलं आली त्याच दिवशी वन्यजीव कार्यालयातल्या एक बाई भिंतीची पाहणी करायला आल्या होत्या. भर दुपारी, कपाळावर हात धरून, त्या गल्लीत उभ्या राहिल्या होत्या. मुलांनी त्यांच्याभोवती कोंडाळं केलं, तेव्हा त्यांनी सगळं समजावून सांगितलं होतं. ही काळी पाकोळी. उन्हाळ्यात येते, भिंतीत अंडी घालते, पिल्लं उडाली की सगळ्या मिळून निघून जातात. या आठवड्यात सगळ्या जातील, मग भोकं बुजवायला हरकत नाही.

"हिची एक बहीण आहे," असंही त्या म्हणाल्या होत्या. "भुरी पाकोळी. ती उशिरापर्यंत राहते, वर्षातून दुसऱ्यांदाही पिल्लं काढते. पण ती समुद्राकडच्या कड्यांवर असते, इथं नाही. दोघी शेजारी ठेवल्या तरच ओळखू येतात. भुरीचं अंग मातकट, गळ्यावरचा पांढरा ठिपका मोठा, पोटावर खवल्यांसारखी नक्षी. काळीचा ठिपका जेमतेम, बाकी सगळी काजळ. एकेकटी दिसली, तर मलासुद्धा घाम फुटतो!"

"मामा," धास्तीनं विचारलं, "काळ्या गेल्या असतील, पण या भुऱ्या असल्या तर?"

मामानं ताट उचललं. "वरच्या ओळीतले बोळे परवा ठेवलेत. उद्या सकाळी बघू. हलले नसले, तर भरायचं. परवा परांची उतरणार, कामावरचे इंजिनिअर साहेब घाईत आहेत." दाराशी पोचल्यावर तो वळला. "खालच्या ओळीतले बोळे तर त्याच्याही आधीचे आहेत. एकही हललेला नाही. ती ओळ आज दुपारीच भरतो."

*

मोजपट्टीकडे वडिलांचा जुना फोन होता. मामाच्या फळीवर ठेवलेल्या कार्डावरून त्यानं पक्षीबाईंचा नंबर लावला.

"उरल्यासुरल्या असतील, बाळा," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजामागे वारा घोंघावत होता. "जाता जाता थांबलेल्या."

"पण त्या भिंतीशी येतायत! भुऱ्या असल्या तर?"

"या गावात आजवर कुणी भुरी पाहिलेली नाही. तुमच्याकडे पुरावा असेल तर पाठवा, मी लगेच काम थांबवते. पण रंग दिसला पाहिजे हं! आकाशासमोरचा काळा ठिपका नको. असले फोटो मला रोज येतात. आणि मी आता तळ्यावर चाललेय, तिथं फोन लागत नाही. फोटो पाठवून ठेवा, मिळाला की बघीन."

मग काय! तिघंही गच्चीवर पाठ टेकून आडवे झाले. पाकोळ्या होत्या थोड्याच, पण वेग असा, की बोट दाखवेपर्यंत गायब. मोजपट्टीनं फोटोंचा सपाटा लावला. मग तिघांनी डोकी जुळवून ते पाहिले.

"हा फोटो आहे की चहात पडलेली माशी?" भोंग्यानं विचारलं.

"आकाश उजळ आहे, म्हणून पक्षी काळा येतो. भिंतीजवळ आली की सावली, तिथंही काळी!" मोजपट्टी म्हणाला.

"मला ती मातकट वाटली," भोंगा म्हणाला. "अगदी मातकट! गळा तर पांढराशुभ्र!"

"मघाशी तूच म्हणालास, काळीकुट्ट आहे म्हणून."

"मघाशी ऊन डोळ्यांत होतं!"

धास्ती पुन्हा पहिल्या फोटोवर गेली. तिला वेगळीच भीती वाटायला लागली होती. आपल्याला भुरी हवीय, म्हणून ती भुरी दिसतेय का? बाई म्हणाल्या होत्या, शेजारी ठेवल्या तरच कळतं. पण काळ्या तर गेल्या. मग शेजारी ठेवायचं कुणाला? आणि आपलं चुकलं, तर मामाचं काम उगाच अडेल. आपलं बरोबर असलं आणि कुणी ऐकलं नाही, तर मात्र मामा स्वतःच्या हातानं जिवंत पिल्लं भिंतीत चिणेल. एक पाखरू आजवर कोंडलं नाही म्हणून ज्याला अभिमान आहे, तो मामा! आणि हे त्याला कधीतरी, पुढे, कळेलच.

"आपण खाली आहोत, ही चूक आहे," ती एकदम उठून बसली. "त्यांना आकाशासमोर बघायचंच नाही. त्या आपल्या खाली पाहिजेत. खाली काहीतरी काळं पाहिजे आणि ऊन बाजूनं पाहिजे!"

मोजपट्टीनं टपाल कचेरीकडे पाहिलं. भिंतीच्या टोकाला घड्याळाचा मनोरा होता. त्याच्या पायथ्याशी पार्सलची शेड, डांबर फासलेल्या काळ्याभोर छताची.

"मनोरा!" तो म्हणाला. "पण शिपाई आत सोडायचा नाही."

"शिपायाचं माझ्याकडे लागलं!" भोंगा म्हणाला. हे त्याच्या मते हळू आवाजात होतं. गल्लीतलं कुत्रं दचकून उठलं.

*

टपाल कचेरीचा शिपाई जिन्याशेजारच्या स्टुलावर बसला होता. भोंगा सरळ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"काका, कासव परदेशात पाठवायचं असेल, तर किती तिकिटं लागतात?"

"काय पाठवायचं असेल?"

"कासव! जिवंत! ते चालत गेलं तर उशीर होईल ना!"

"जिवंत प्राणी टपालानं जात नाहीत."

"मग तिकीट त्याच्या पाठीवर लावायचं की पोटावर?"

"अरे, जात नाहीत म्हटलं ना!" शिपाई उठला आणि भोंग्याचं बखोट धरून त्याला खिडकीवरच्या कारकुनाकडे घेऊन निघाला. "साहेब, हा पोरगा बघा काय विचारतोय!"

रांगेतले लोक हसायला लागले. तेवढ्यात धास्ती आणि मोजपट्टी जिन्याच्या अंधारात शिरले होते.

जिना गोल गोल वर जात होता. धास्ती भिंतीला हात लावत चढत होती. कुणी आलं तर? दार बंद असलं तर? भोंग्याला पोलिसात दिलं तर? पण ती थांबली नाही. वरचं दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. घड्याळाच्या यंत्राशेजारून वाकून जात दोघं बाहेरच्या सज्जात आले.

वाऱ्यानं धास्तीचे डोळे मिटले. उघडले, तर पाकोळ्या तिच्या खाली उडत होत्या!

कलतं ऊन आडवं येत होतं आणि खाली शेडचं काळं छत पसरलं होतं. त्या काळ्यावर पाकोळ्या अगदी स्पष्ट दिसत होत्या. पाठ मातकट, पंखांची टोकं तेवढी गडद. एकीनं अंग कलतं केलं आणि गळा चमकला. पांढरा! चांगला मोठा!

"भुरी आहे," मोजपट्टी म्हणाला. मग थांबला. "निदान मला तरी वाटतं. ऊन पिवळं आहे. या उन्हात काळीसुद्धा मातकट दिसत असली तर?"

धास्तीनं आणखी पुढे वाकून बघितलं. तिलाही नेमकी हीच शंका खात होती.

आणि मग उत्तरेकडून एक पाकोळी आली. एकटीच. घाईत असल्यासारखी, सरळ रेषेत. ती खालच्या घोळक्यातून गेली आणि धास्तीच्या तोंडून किंचाळी फुटली.

"मोज्या! ही बघ! ही काळी!"

आता शंकेला जागाच नव्हती. तेच ऊन, तेच छत, आणि शेजारी शेजारी दोघी. एक कोळशासारखी, दुसरी वाळलेल्या मातीसारखी. काळीचा गळा शोधावा लागत होता, भुरीचा आपणहून दिसत होता. काळी थांबलीसुद्धा नाही, छप्परं ओलांडून दक्षिणेकडे निघून गेली. मातकट पाकोळ्या मात्र वळून वळून भिंतीकडेच येत होत्या.

"घेतला!" मोजपट्टीनं फोन धास्तीपुढे धरला. "दोघी एकाच फोटोत आल्यात! पाठवतो बाईंना."

"आणि यांचा गळा बघ. फुगलाय. काहीतरी भरून आणलंय त्यांनी." धास्तीनं नजरेनं एकीचा पाठलाग केला. पाकोळी भिंतीशी गेली, भोकाखाली चिकटली, डोकं बोळ्यावर आपटलं आणि सुटली. "खाऊ आहे तो! आत पिल्लं आहेत!"

तिनं सज्जाच्या कडेवरून खाली पाहिलं. खाली परांचीच्या पहिल्या फळीवर मामा बसला होता. थापीनं तो एका भोकात चुना भरत होता, नीट, सावकाश, कडा गुळगुळीत करत.

"मामा! थांब! मामाऽऽ!"

खाली चुना कालवणारं यंत्र घरघरत होतं. मामानं वर पाहिलं नाही. त्यानं थापी पुसली आणि तो पुढच्या भोकाकडे सरकला.

"अरे, भोंगा कुठाय?" मोजपट्टी ओरडला. "त्याचाच आवाज पोचला असता!"

पण धास्तीचा आवाज कुणाला तरी पोचला होता. मागचं दार धाडकन उघडलं. हातातला चाव्यांचा जुडगा गरगर फिरवत इंजिनिअर साहेब उभे होते.

*

"ही तुमची पोरं का, मिस्त्री?" खाली आल्यावर साहेबांनी सगळ्या कामगारांसमोर विचारलं. कारकुनाकडून भोंग्यालाही आणून तिघांना त्यांनी भिंतीपाशी ओळीनं उभं केलं होतं. "मनोऱ्यात सापडली! पडली असती तर? उत्तर मी द्यायचं! तुम्हाला पोरं सांभाळता येत नसतील तर तसं सांगा."

मामा टोपी हातात घेऊन उभा होता. त्याची मान खाली गेलेली धास्तीनं कधी पाहिली नव्हती.

"साहेब, आत पिल्लं आहेत," ती कशीबशी म्हणाली. "भुऱ्या पाकोळीची. फोटो आहे आमच्याकडे."

साहेबांनी फोनकडे बघितलंही नाही. "पाकोळ्या गेल्या असं कार्यालयानं कळवलंय. कामाच्या जागी उद्या ही मुलं दिसता कामा नयेत. आणि मिस्त्री, उद्या भिंत पुरी झाली पाहिजे."

घरी मोजपट्टीनं फोन मामापुढे ठेवला. मामानं फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला.

"मला यातलं कळत नाही गं," तो अखेर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. "बोळा सांगतो ते मला कळतं. बोळे हलले नाहीत."

बाईंचा निरोप आला नाही. झोपेपर्यंत मोजपट्टी फोन उघडून बघत होता. फोटो त्यांना पोचलाच नव्हता.

*

धास्तीला जाग आली तेव्हा नुकतं उजाडलं होतं. मामाचं अंथरूण रिकामं होतं. ती धावत गच्चीवर गेली.

परांचीच्या बांबूवर एक चिमणी बसली होती. बांबू बांधलेल्या सुतळीचं टोक सुटलं होतं. चिमणीनं ते चोचीत धरलं, पाय फाकवून घट्ट रोवले, अंग मागे टाकलं आणि ओढलं. सुटलं. पुन्हा धरलं. पुन्हा पाय रोवले, पुन्हा ओढलं.

धास्ती बघत राहिली. आणि एकदम ती जिन्याकडे पळाली. पायांत चप्पल नाही, केस पिंजारलेले. भोंगा आणि मोजपट्टी डोळे चोळत मागून धावले.

"धास्ते! साहेबांनी बजावलंय ना!" मोजपट्टी ओरडला.

"बजावू दे!"

हे धास्ती म्हणाली! भोंग्याचा वासलेला आ मिटेना.

मामा परांचीखाली घमेलं घेऊन उभा होता. चुन्याचा माल कालवून तयार होता.

"मामा, बोळा खोटं सांगतोय!"

"घरी जा, पोरी."

"ऐक ना! चिमणी बोळा कसा काढते? पाय रोवते आणि ओढते. पाकोळीला कुठं उभं राहता येतं? तू कधी बघितलीस का तारेवर बसलेली पाकोळी? तिचे पाय इवलेसे, नुसते लटकण्यापुरते. चोचही एवढीशी. काल वरून बघितलं मी. ती बोळ्यावर डोकं आपटते, पण ओढणार कशानं? मामा, तुझ्या उस्तादांचं चुकलं नाही. त्यांचा बोळा चिमणीसाठी होता. पाकोळीला तो काढताच येत नाही!"

मामानं हातातलं घमेलं खाली ठेवलं. भिंतीवरच्या बोळ्यांकडे बघत तो उभा राहिला. त्याचा जुना मदतनीस घमेल्याशी खोळंबला होता. "मिस्त्री, माल घट्ट होतोय," तो म्हणाला.

"होऊ दे."

मामा पहिल्या फळीवर चढला. काल भरलेल्या पहिल्या भोकात त्यानं थापीचं टोक घातलं. चुना अजून ओला होता. त्यानं तो कडेकडेनं कोरून काढला. मग मागचा कागद ओढला. हात आत घातला, कोपरापर्यंत.

त्याचा चेहरा बदलला.

हात बाहेर आला तेव्हा तळव्यावर एक पिल्लू होतं. पिसं जवळजवळ पुरी फुटलेलं, गळा पांढरा, डोळे मिटलेले. ते हलत नव्हतं.

"थंड आहे गं," मामा म्हणाला.

मदतनीसानं टोपी काढली. "गेलं, मिस्त्री."

मामा फळीवर खाली बसला.  धास्तीला वाटलं, आपण गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. भिंत बंद राहिली असती आणि मामाला हे कधीच कळलं नसतं. आता आपणच त्याला हे दाखवलं. त्याच्या हातात आणून ठेवलं. 

मामानं दुसरा तळहात पिल्लावर ठेवला. का, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. दोन्ही हातांची ओंजळ त्यानं शर्टाच्या आत छातीशी धरली आणि तसाच बसून राहिला. कुणी हललं नाही. गल्लीत एक सायकल वाजत निघून गेली.

"मामा," मोजपट्टी हळूच म्हणाला, "घरी जाऊ या का?"

"श्श."

मामानं मान कलती केली. काहीतरी ऐकत असल्यासारखी. मग त्यानं ओंजळ बाहेर काढून जराशी उघडली. पिल्लाची पाठ थरथरली. थांबली. पुन्हा थरथरली, आणि मग एक काळा, ओला डोळा उघडला.

"जिवंत आहे!" भोंगा ओरडला. हे मात्र अख्ख्या गावानं ऐकलं.

"बोळे काढा!" मामा उठून उभा राहिला. "सगळे! वरची ओळ आधी! थापी लावू नका, हातानं काढा, हळू!" मदतनीस सरसर वर चढला. मामानं पिल्लू परत आत ठेवलं, आणि काल भरलेली सगळी भोकं एकेक करून कोरायला लागला.

*

साहेब आले तेव्हा गल्लीभर कागदाचे बोळे पडले होते.

"हे काय चाललंय, मिस्त्री? भरलेली भिंत उकरताय?"

"होय साहेब," मामा फळीवरूनच म्हणाला. "आत जीव आहेत. पिल्लं उडाल्याशिवाय या भोकांना चुना लागणार नाही. माझ्या हातून तर नाहीच."

साहेबांचा चाव्यांचा जुडगा फिरायचा थांबला. ते पुढे काही बोलणार, तोच गल्लीच्या तोंडाशी एक गाडी करकचून थांबली. पक्षीबाई जवळजवळ धावतच आल्या. अंगावर चिखल, केस विस्कटलेले.

"फोटो कुणी काढला?" त्यांनी धापा टाकत विचारलं. "आत्ता रस्त्यात पोचला मला! दोघी एकाच फोटोत, असा फोटो मला जन्मात काढता आला नाही! भुरीच आहे ती! भरलं का सगळं? सांगा, भरलं का?"

"भरलं होतं," धास्ती म्हणाली. "मामानं उघडलं."

बाईंनी वर चढून भोकांत विजेरीचा उजेड टाकला. एकीकडे दोन पिल्लं, दुसरीकडे एक, वरच्या ओळीत आणखी. काही गारठून मुडद्यासारखी पडलेली. पण बाईंनी धीर दिला. पाकोळीची पिल्लं उपाशी राहिली की अंग थंड करून निजून राहतात. पावसाळी हवेत आईबापांना दिवसचे दिवस किडे मिळत नाहीत, तेव्हा ती अशीच तगतात. म्हणूनच ती आतून आवाजही करत नव्हती.

"चूक माझी आहे," खाली उतरल्यावर बाई साहेबांना म्हणाल्या. "भर दुपारी खालून बघितलं. काळ्या जाताना दिसल्या आणि सगळ्या काळ्याच असं समजले. ही मुलं चढली तिथं मी चढायला हवं होतं. काम थांबवल्याचं मी आज लेखी कळवते."

साहेबांनी तिघांकडे बघितलं. मग घसा खाकरला. "मनोऱ्यात विचारल्याशिवाय गेलात, ते वाईटच केलंत," ते म्हणाले. "पण नजर... नजर पक्की आहे हो तुमची! मी काल तो फोटो बघायला हवा होता. आणि मिस्त्री, सगळ्यांसमोर बोललो मी तुम्हाला. आता सगळ्यांसमोरच सांगतो, पोरं गुणाची आहेत तुमची."

"आणि कासव?" शिपायानं मागून विचारलं. "ते कुणाचं होतं?"

भोंगा मोजपट्टीच्या मागे लपला. सगळे हसले, साहेबसुद्धा.

धास्ती मात्र हसली नाही. "बाई," तिनं विचारलं, "इतके दिवस दार बंद होतं. त्यांनी आता नाद सोडला असला तर?"

बाईंचं हसू ओसरलं. "ते संध्याकाळी कळेल," त्या म्हणाल्या. "आपण फक्त दूर राहायचं आणि वाट बघायची."

*

सगळे मामाच्या गच्चीवर जमले. पाकोळ्या आल्या, वरच्या वर फिरत राहिल्या. एक भिंतीकडे झेपावली आणि अर्ध्यातूनच वळली. दुसरी आली, तीही वळली. भोंग्यानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. 

आणखी एक वळण. आणखी एक. ऊन भिंतीच्या माथ्यावर गेलं.

मग एक भुरी पाकोळी खालून आली, फुगलेला गळा घेऊन. भोकाशी येऊन लटकली. आपटली नाही. क्षणभर थांबली, जणू तिचा स्वतःवरच विश्वास बसत नव्हता. आणि सुळकन आत गेली. आतून बारीक, चिरका किलबिलाट उठला. गल्ली ओलांडून तो सगळ्यांना ऐकू आला.

"गेली!" मोजपट्टीनं धास्तीला उचलूनच घेतलं. बाई डोळे पुसत होत्या. वर, दुसऱ्या एका भोकातही एक शिरली.

"शाब्बास गं," मामा धास्तीला म्हणाला. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिथंच राहू दिला. "माझ्या हातून काय झालं असतं! तू बोललीस म्हणून. मी घालवून देत होतो, तरी बोललीस."

धास्तीनं त्याच्या शर्टाची बाही ओढली. "चल ना मामा, आता जेवू या," ती म्हणाली. "तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस."

"जाऊ. जरा थांब." मामानं त्या पहिल्या भोकावरची नजर काढली नव्हती. "जोडीदार येऊ दे तिचा. दोन पिल्लं आहेत आत, ती एकटी किती दमेल?"

म्हणून ते थांबले. बाकीचे खाली गेले तरी ही चौघं कठड्याला टेकून उभी राहिली. मामा बोलत होता. मामीला या पाकोळ्यांचा कलकलाट कसा आवडायचा, त्या ओरडायला लागल्या की ती हातातलं काम टाकून कशी गच्चीत यायची, आणि त्यांचं नाव मात्र तिला कधी येत नसे, सगळ्या पाखरांना ती चिमण्याच म्हणायची. मुलं ऐकत होती. भोंगासुद्धा.

अंधार पडायच्या जरा आधी ती दुसरी पाकोळी आली. एकदाही न वळता, सरळ आत गेली.